बापुडा डबा

शाळेत त्यांना सगळे डबाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. रिकामी बाटली, पुठ्ठ्याची नळी, औषधाचं झाकण, काहीही नजरेला पडलं की बाईंचा हात पुढे झालाच म्हणून समजा. शिक्षकांच्या खोलीत कुणी चहापत्तीचं पाकीट संपवलं तर ते फेकण्याआधी दाराकडे बघून घ्यायचं, अशी तिथली रीत पडली होती. बाई हस्तकला शिकवायच्या. म्हणजे वेळापत्रकातला तो तास, जो गणिताचे सर हटकून मागून घेतात. "माझा धडा मागे राहिलाय हो, आजच्या दिवस द्या." बाई देऊन टाकायच्या आणि मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर गोळा करायच्या. तिथे गणिताच्या सरांचं काही चालत नव्हतं.

मैदानावर त्यांचा एक खेळ होता. कडेला तीन जुने पत्र्याचे डबे, बाईंनीच रंगवलेले. निळ्यात ज्याचं पुन्हा काहीतरी होईल ते. हिरव्यात जे मातीत मुरेल ते. आणि तिसरा काळा, ज्याचं काहीच होत नाही त्याच्यासाठी. या तिसऱ्याला मुलांनी नाव ठेवलं होतं बापुडा डबा. बाईंनी गळ्यातली शिट्टी फुंकली की दोन्ही संघ चिमटे घेऊन सुटायचे, कुंपणापासून नळापर्यंत मैदान विंचरून काढायचे आणि सापडेल ते धावत आणून ज्या त्या डब्यात टाकायचे. चुकीच्या डब्यात टाकलं की शाळेला एक फेरी. मुलांना खेळाइतकीच ती फेरी आवडायची, त्यामुळे काही वात्रट मुद्दाम चुकायचे.

खेळ संपला की मुलं बापुड्याभोवती जमायची. त्यात नेहमी तेच असायचं. बिस्किटांची, वेफर्सची, चॉकलेटची वेष्टनं, आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, कुजायला तयार नाहीत आणि कुणी घ्यायलाही तयार नाही. "बाई, याचं काय करायचं?" कुणीतरी विचारायचंच. "याचं गाडीत टाकायचं," बाई म्हणायच्या, आणि गाडी कुठे जाते हे कुणी विचारण्याआधी घंटा व्हावी अशी मनोमन प्रार्थना करायच्या.

बाईंची लेक त्याच शाळेत चौथीत होती. शाळेत ती त्यांना 'बाई' म्हणायची, घरी 'आई'. शाळेत 'तुम्ही', घरी 'तू'. हा नियम तिनं पहिलीतच स्वतःला घालून घेतला होता आणि त्यात ती एकदाही चुकली नव्हती. एकदा वर्गात तापानं फणफणली, तर बाकावर मान टाकून म्हणाली, "बाई, तुम्ही मला घरी पोचवाल का?" शिक्षकांच्या खोलीत त्यावर सगळे खूप हसले. बाईही हसल्या, पण त्यांना ते पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

कारण ही मुलगी सगळं असंच नियमानं, एकटीनं करायची. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहायची. डबा उघडायची, दोन घास खायची, डबा मिटायची. वर्गातली मुलं काही वाईट नव्हती. त्यांनी तिला खेळायला बोलावलं होतं, पुन्हा बोलावलं होतं, आणि मग विसरून गेली होती. बाईंचा जीव तुटायचा. गावभरच्या पोरांना आपण खेळायला शिकवतो आणि पोटची पोर भिंतीशी उभी. त्यांनी रागावून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली, वाढदिवसाला अख्खा वर्ग घरी बोलावून पाहिला. मुलं केक खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी लेक परत भिंतीशी.

मग बाईंनी कुठल्याशा शिबिरात ती युक्ती पाहिली. रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यायची, तिच्यात वेष्टनं कोंबायची, काठीनं ठासायची, पुन्हा कोंबायची, पुन्हा ठासायची. शेवटी बाटली इतकी टणक होते की ती विटेसारखी वापरता येते. मातीत लिंपून भिंत उभारायची. बापुडा डबा रिकामा आणि मुलांना मैदानात खेळायला घर. बाईंना ते इतकं आवडलं की शिबिरातलं जेवणसुद्धा त्यांनी घाईघाईत आटपलं.

पहिल्या दिवशी मुलं मैदानात गोल करून बसली आणि ठासाठाशी सुरू झाली. या कामात बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. बाईंनी मान वर करून पाहिलं तर भिंतीजवळची जागा रिकामी होती. लेक गोलाच्या कडेला मांडी घालून बसली होती आणि ओठ आवळून ठासत होती. तासाभरानं इतरांच्या बाटल्या अंगठ्यानं दाबल्या की चेपायच्या, हिची मात्र दगड झाली होती. बाईंनी ती जमिनीवर आडवी ठेवली, चप्पल काढली आणि तिच्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या. बाई चांगल्या अंगानं भरलेल्या. बाटली जराही हलली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक जण आपली बाटली तिच्याकडे तपासायला नेऊ लागला. ती अंगठा दाबायची, डोळे बारीक करायची. "ही पोकळ आहे. परत." कुणाचीही भीड नाही. कुणीतरी तिला मुकादम म्हणालं आणि ते नाव चिकटलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं दप्तर फेकलं, जे ती कधी फेकायची नाही, आणि म्हणाली, "आई, मला मुकादम म्हणतात." बाई ओट्याकडे वळल्या आणि धुतलेलंच भांडं परत धुवायला लागल्या.

"म्हणजे घरात आता सगळं आलं," लेकीचे बाबा म्हणाले. ते वेष्टनं छापायच्या कारखान्यात यंत्रावर होते. "मी छापतो, लोक फाडतात, तुम्ही दोघी कोंबता. बाहेरचं माणूस लागायलाच नको." तिघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसली होती.

घर उभं राहायला लागलं. गोल भिंत, आत मुलांना बसायला ओटा, एक गोल खिडकी. बाटल्यांची बुडं बाहेरच्या बाजूला, त्यामुळे भिंत रंगीत ठिपक्यांची दिसायची. मुलं माती तुडवायची, थर लिंपायची, गुडघ्यापर्यंत बरबटायची. मुकादम हातात काठी घेऊन ओळंबा बघायची. भिंत मुलांच्या कमरेइतकी झाली आणि तिथे घोडं अडलं. मैदानात वेष्टनं उरली नव्हती. कुंपणाजवळ नाहीत, नळाजवळ नाहीत, शाळेसमोरच्या रस्त्यावरही नाहीत. शिट्टी फुंकली की मुलं धावायची आणि रिकामे चिमटे घेऊन परत यायची.

आता खरं पाहिलं तर बाईंना आनंद व्हायला हवा होता. कचरा संपला म्हणून कुणी दुःख करतं का? पण बाईंना तो झाला नाही. कारण दोन-तीन मुलं चेंडू घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, मग आणखी चार गेली. आणि मुकादम अर्धवट भिंतीपाशी काठी घेऊन उभी होती, एकटीच. त्यात मोठ्या सरांनी वार्षिक समारंभाचे पाहुणे ठरवून टाकले. "बाई, घर तोवर व्हायलाच हवं. मी त्यांना सांगून बसलोय." मोठे सर कामाचं आधी सांगून बसायचे आणि मग ते काम कुणाच्या तरी गळ्यात घालायचे.

"घरून आणा," बाईंनी मुलांना सांगितलं. "शेजाऱ्यांकडून आणा. कुणाकडे काही रिकामं असेल तर मागा. लाजू नका."

दोन दिवसांत वेष्टनं यायला लागली. ढिगानं. मुलं खिसे भरभरून आणायची. आणि काय स्वच्छ. धुळीचा कण नाही, तेलाचा डाग नाही, सुरकुतीसुद्धा नाही. बाईंना भरून आलं. "बघा, किती छान धुऊन आणलीत," त्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला म्हणतात काम." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्याकडे बाईंचं लक्ष गेलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. गेलं होतं आणि त्यांनी ते सोयीस्करपणे सोडून दिलं.

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं त्यांना हाक मारली. एरवी त्यांना पाहून हा माणूस आपली खोकी आत ओढायचा, कारण बाई रिकामी खोकी मागायच्या. आज त्यानं हात जोडले. "बाई, तुमच्या शाळेच्या पोरांनी माझं दुकान चालवलंय बघा. सकाळी माल लावला की दुपारी संपतो. हे एक खोकं घेऊन जा, माझ्याकडून."

बाईंनी खोकं घेतलं नाही. त्या सरळ शाळेत परतल्या, मैदान ओलांडून कावळ्यांची ये-जा चाललेल्या मागच्या कुंपणापाशी गेल्या आणि पलीकडे वाकून बघितलं. पलीकडच्या ओढ्यासारख्या खड्ड्यात वेफर्सचा ढीग पडला होता. त्यावर बिस्किटं, भिजून लगदा झालेली. चॉकलेटचे वितळलेले तुकडे. मुंग्यांची रांग आणि ढिगावर खाऊन सुस्त बसलेले कावळे. खमंग, गोड, आंबूस असा एक वास येत होता.

मागून पावलं वाजली. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी. मैत्रिणी, हा शब्द बाईंच्या मनात अगदी त्याच क्षणी आला, कारण त्यांतल्या एकीचा हात लेकीच्या खांद्यावर होता.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनी," लेक म्हणाली. घाबरली नव्हती. "खाऊचे पैसे एकत्र करतो, बाई. मोठी पाकिटं घ्यायची. त्यांत हवाच जास्त असते, पण वेष्टन मोठं मिळतं. आधी आम्ही खात होतो. मग सगळ्यांची पोटं दुखायला लागली."

"अगं, पण चांगलं अन्न असं..."

"तुम्हीच म्हणालात ना, घर पूर्ण व्हायला हवं. मैदानात तर काहीच मिळत नाही." ती थांबली. मग तपासणीच्या वेळी करायची तसे डोळे बारीक करून म्हणाली, "रिकामी तर सगळी होती, बाई. आम्ही रिकामी करूनच आणली."

इथं बाईंनी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. काम थांबवायचं, वर्ग भरवायचा, त्या खड्ड्याशी सगळ्यांना उभं करायचं. त्यांच्या अख्ख्या नोकरीत यापेक्षा मोठा धडा त्यांच्या हाती लागला नसता. पण खांद्यावरचा तो हात त्यांना दिसत होता. तो हात त्या खांद्यावर यायला चार वर्षं लागली होती. "उद्यापासून विकत आणायचं नाही," एवढंच बाई म्हणाल्या, "बाकीचं मी बघते." आणि घरी जाताना त्यांनी वाटेवरच्या चार फावडी मातीनं तो ढीग स्वतःच झाकून टाकला.

बाकीचं बघायचं म्हणजे नवऱ्याला सांगायचं. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून एक रीळ घेऊन आले. छापताना रंग सरकलेला, बिस्किटाचं चित्र स्वतःपासून बोटभर लांब पडलेलं. कधीच कशाभोवती न गुंडाळलेलं, कोरं करकरीत वेष्टन.

"याचं तिकडे काय करतात?" बाईंनी विचारलं.

"वितळवतात. दाणे करून परत वापरतात," ते बूट काढत म्हणाले. "पण एक रीळ गेलं तर कुणी विचारत नाही."

बाईंनी कात्री घेतली. मायलेकी जमिनीवर बसून रीळ कापत राहिल्या, पट्ट्या पाडत राहिल्या. लेक गुणगुणत होती. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच नवी कोरी वस्तू कापून कचरा केला, आणि तोही इतका नीट, की सगळ्या पट्ट्या एका मापाच्या निघाल्या.

घर झालं. समारंभाला पाहुणे वाकून आत गेले, ओट्यावर बसले, त्यांचा फोटो निघाला. "कचऱ्यातून सोनं," ते म्हणाले, आणि मोठे सर असे हसले की जणू बाटल्या त्यांनीच ठासल्या होत्या. फीत मुकादमनं कापली. त्या वर्षी मधल्या सुट्टीत डबे त्या घरात उघडायचे. कोण ओट्यावर बसणार, कोण खिडकीत, हे मुकादम ठरवायची. बाई शिक्षकांच्या खोलीच्या दारातून ते बघायच्या आणि स्वतःला सांगायच्या की खड्ड्यातला ढीग कधीच मातीत मुरला असेल. तो मुरलाही होता. तेवढा एकच हिरव्या डब्यातला होता.

मग उन्हं कडक झाली. दुपारच्या शांततेत घराकडून 'टक' असा आवाज यायचा. बाई आधी समजल्या, कुणी खडे मारतंय. जाऊन बघितलं तर ऊन ज्या बाजूनं पडायचं तिकडच्या बाटल्यांची बुडं तडकली होती. प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं होतं, नखानं दाबलं तरी फुटत होतं. फटीतून वेष्टनांचे तुकडे बाहेर डोकावत होते, आणि ज्यांना ऊन लागत होतं त्यांचेही बारीक कपचे होत होते. वारा आला की कपचे उडायचे. लाल, निळे, चंदेरी. गवतात, नळाच्या खाली, पाण्याच्या टाकीत, मुलांच्या डब्यांत, केसांत.

बाईंनी शिट्टी फुंकली. मुलं चिमटे घेऊन आली. पण नखाएवढा कपचा चिमट्यात कसा येणार? दोन बोटांत धरावा तर आणखी मोडतो. पूर्वी अख्खं वेष्टन तरी असायचं, वाकून उचलता यायचं. मुलांनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि चिमटे टाकून दिले. मग त्यांना नवा खेळ सुचला. भिंतीला लाथ मारायची आणि किती उडतं ते बघायचं. "मुकादम, तुझं घर शिंकतंय बघ," ते ओरडायचे. नाव तेच होतं, पण आता ते ऐकलं की लेकीची मान खाली जायची.

ती रोज शाळा सुटल्यावर चिकटपट्टी घेऊन बसायची. एक तडा बंद केला की शेजारची बाटली फुटायची. बाईंनी तिला समजावलं, ओढून घरी नेलं. ती दुसऱ्या दिवशी परत तिथेच. भंगार नेणाऱ्याला बाईंनी बोलावून आणलं. त्यानं एक बाटली उचलून हलवली, काठीनं ठोकली आणि परत ठेवली. "रिकामी असती तर नेली असती," म्हणाला. बाईंना ते आधीच ठाऊक होतं. कोंबलेलं सगळं आत एकमेकांत असं घट्ट बसलं होतं की आता ना बाटली सुटत होती ना वेष्टन. त्या कामाचा गुणच तो होता. जितकी बाटली चांगली ठासलेली, तितकी ती कायमची वाया गेलेली.

"सुट्टीच्या आत काढून टाका," मोठे सर म्हणाले. "टाकीचं पाणी बदलायचा खर्च कोण करणार?" ते घर समारंभापर्यंत कुणी पूर्ण करायला लावलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं.

दोन मजूर आले. अर्ध्या दिवसात घर खाली आलं. फावड्यानं सगळं उचलून कचऱ्याच्या गाडीत भरलं, माती, बाटल्या, ओटा, खिडकीची चौकट, सगळं एकत्र. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिच्यामागे रंगीत कपच्यांची रेघ उमटत गेली. बाईंनी वळून पाहिलं. लेक शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती, बरोबर पूर्वीच्याच जागी. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

सुट्टी लागली. बाईंनी ठरवलं, आता काही दिवस त्या विषयाचं नावही काढायचं नाही. एका सकाळी त्या बाजारातून परतल्या तर अंगणातून शिट्टी ऐकू आली. त्यांचीच शिट्टी. त्यांचा जीव भांड्यात पडला. पोर खेळते आहे, त्यांना वाटलं, आणि त्या पिशवीसकट धावतच आत गेल्या.

अंगणात निळी बादली होती, हिरवी टोपली होती आणि काळा डबा होता. समोर घरातल्या सगळ्या वस्तू रांगेनं मांडल्या होत्या, दोघींनी इतक्या वर्षांत केलेल्या. डब्याची पेनदाणी. झाकणांची माळ. पुठ्ठ्याची गाडी, रंगीत कागदाची आणि प्लास्टिकची चाकं चिकटवलेली. तेलाच्या डब्याचं पक्षीघर. लेक शिट्टी फुंकायची, एक वस्तू उचलायची, धावत जायची आणि काळ्या डब्यात टाकायची. परत यायची, शिट्टी फुंकायची. संघ नव्हता, पण नियम सगळे पाळत होती.

"अगं, पेनदाणी का टाकतेस? वापरतो ना आपण ती," बाई म्हणाल्या.

"आणि मग?" लेक म्हणाली.

"मग काय?"

"वापरून झाल्यावर कुठल्या डब्यात?"

बाईंनी काळ्या डब्यातल्या पेनदाणीकडे पाहिलं. पत्र्याला डिंक, डिंकाला लोकर, लोकरीला टिकल्या, टिकल्यांना रंग. एवढ्या वर्षांत आपण मुलांना शिकवलं काय, तर एकमेकांपासून सुटतील अशा वस्तू कधीच सुटणार नाहीत अशा कशा चिकटवायच्या. त्यांच्या हातातली पिशवी जड झाली आणि त्यांनी ती खाली ठेवली.

रांग संपली. शेवटी एकच वस्तू उरली होती. पहिली बाटली, जिच्यावर बाई उभ्या राहिल्या होत्या. ती त्यांनी भिंतीत घातली नव्हती, आठवण म्हणून घरी आणून कपाटात ठेवली होती. ऊन न लागल्यामुळे ती अजून दगडासारखी टणक होती. लेकीनं ती दोन्ही हातांत धरली आणि बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ही कुठल्या डब्यात टाकू? तुम्ही सांगा."

घराच्या अंगणात ती त्यांना कधी बाई म्हणाली नव्हती. बाईंना म्हणायचं होतं, आई म्हण गं मला, इथं मी आई आहे. पण विचारलेलं बाईंना होतं, आणि मुलगी उत्तराची वाट बघत होती. खोटं सांगितलं असतं तर ते तिला कळलं असतं. ती मुकादम होती, पोकळ काय आणि भरीव काय हे तिला अंगठ्याला कळायचं.

"बापुड्यात," बाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली, जाऊन बाटली काळ्या डब्यात ठेवली. "रिकामी होती तेव्हा निळ्यात गेली असती," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. मग तिनं गळ्यातली शिट्टी काढली, उलटसुलट करून पाहिली. तीही प्लास्टिकचीच होती. ती तिनं बाटलीवर टाकली, झाकण लावलं आणि अंगणाच्या भिंतीला जाऊन टेकली.